चौऱ्याऐंशी व्होल्टचं चाक

आमचे घरमालक माणसं व्होल्टमध्ये मोजत असत. मी शाळेतून दमून आले की पडवीतल्या खुर्चीतून चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "बाई, आज एकशे ऐंशीच्या खाली हाय तुमचं. चहा घ्या आधी." शेजारचा होमस्टेवाला कायम ओरडून बोलायचा, म्हणून त्याचं नाव त्यांनी 'अडीचशे' ठेवलं होतं. बायकोबद्दल मात्र चार वर्षांत एकदाच आकडा सांगितला. "दोनशे तीस. लग्नापासनं. हालत नाय." घरातली वीज दोनशे तीसवर असली की सगळं ठाकठीक, म्हणजे हे कौतुक आहे, हे कळायला मला वर्ष लागलं, कारण आमच्या सांगोल्याकडे बायकोचं कौतुक करतच नाहीत, आकड्यात तर नाहीच नाही.

मी तेव्हा नागावजवळच्या एका हायस्कुलात मराठी शिकवत होते आणि या काकांच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. पुढे घर, मध्ये विहीर, आणि मागे थेट समुद्राच्या वाळूपर्यंत नारळी-पोफळीची वाडी. घरात दोघंच, काका आणि काकू. मुलगी लग्न होऊन नाशकात. काका घाटाखालच्या एका कागदगिरणीत तीस वर्षं वीजकाम करून निवृत्त झालेले. गिरणी कधीच बंद पडली होती, पण काकांच्या डोक्यात तिच्या तिन्ही पाळ्या व्यवस्थित चालू होत्या.

रोज संध्याकाळी साडेसातला ते भिंतीवरच्या प्लगात मीटरच्या दोन सळया खुपसत आणि येईल तो आकडा कॅलेंडरच्या चौकोनात लिहीत. लोकांच्या कॅलेंडरवर चतुर्थी, गॅसचं सिलिंडर आणि दूधवाल्याचे खाडे असतात. इथे सोमवार दोनशे अकरा, मंगळवार दोनशे चौदा. शनिवारी आकडा एकशे सत्तरपर्यंत घसरायचा, कारण मुंबई-पुण्याचे पाहुणे यायचे आणि गल्लीतल्या सगळ्या होमस्टेंचे एसी एकदम सुरू व्हायचे. आमचा पंखा मग असा फिरायचा की पाती मोजून घ्यावीत. सगळ्या गल्लीने घरांना नावं देऊन पाट्या लावल्या, काकांनी लावली नाही. अडीचशे त्यांना समजवायला यायचा. "काका, दोन खोल्या काढा की पाहुण्यांना, बसून खाल." काका म्हणायचे, "माझ्याकडं एसी लागला की तुझ्याकडचा पंखा बसणार. कशाला उगाच?"  अडीचशे नारळपाणी पिऊन निघून जायचा.

दुसरं वेड पुठ्ठ्यांचं. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांनी तळहाताएवढे पुठ्ठे केले होते. कडेला लाल रंग, वर भोक, भोकात सुंभाचा दोर. ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं, 'काम चालू आहे. सुरू करू नये.' त्याखाली लावणाऱ्याची सही, कारण आणि काढणाऱ्याची सही, अशा तीन रिकाम्या ओळी. घरातल्या कुठल्याही वस्तूची दुरुस्ती काढली की आधी तिच्या गळ्यात पुठ्ठा पडायचा. मिक्सर, पंप, इस्त्री, एकदा तर झोपाळा. गिरणीत असा नियम होता की यंत्र उघडलं की त्यावर काम करणारा प्रत्येक जण बटणाला आपापला पुठ्ठा लावणार, आणि ज्याने लावला त्यानेच तो काढायचा. दुसऱ्याने काढायचा नाही, साहेबानेही नाही. पुठ्ठा लटकतोय म्हणजे कोणाचा तरी हात अजून आत आहे, असं धरून चालायचं.

माझ्या न्हाणीघरातल्या गिझरला असाच पुठ्ठा लावून काका पेणला एका लग्नाला गेले आणि तीन दिवस तिथेच राहिले. जानेवारी महिना. किनाऱ्यावर थंडी नसते असं म्हणणाऱ्यांनी पहाटे पाच वाजता गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगावर घेऊन बघावं. तिसऱ्या दिवशी मी वैतागून पुठ्ठ्याला हात घातला, तर काकूंनी माझं मनगट धरलं.

"नको गो. ह्यांनी लावलाय, हेच काढतील."

"काकू, गिझर दुरुस्त झालाय. नुसता पुठ्ठा काढायचा राहिलाय."

"म्हाईत हाय मला. आतल्या गिझरलापण लावून गेलेत. मी काय गरम पाण्यानं करत्ये काय आंघोळ?"

काका आले, त्यांनी दोन्ही पुठ्ठे काढले, सह्या केल्या आणि माफी मागायच्या ऐवजी मला म्हणाले, "बाई, शिस्त बरी हाय तुमची." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

माझी धुसफूस बघून त्यांनी मला म्हसळ्याची गोष्ट सांगितली. गिरणीतला एक कामगार बटणाला लावलेला पुठ्ठा विसरून बहिणीच्या हळदीला गावी निघून गेला. गाव म्हसळ्याच्या पुढे, त्या काळी फोन कुठला. दुरुस्ती पुरी झालेली, यंत्र तयार. साहेब म्हणाले, काढा तो पुठ्ठा. काकांनी काढला नाही आणि कोणाला काढूही दिला नाही. एसटीने म्हसळ्याला गेले, तिथून पुढे चालत, आणि अंगाला हळद लागलेल्या त्या माणसाला मांडवातून उठवून गिरणीत आणलं. त्याच्या हाताने पुठ्ठा काढवला आणि लग्न चुकू नये म्हणून त्याला पुन्हा म्हसळ्यापर्यंत सोडून आले. गिरणी एक अख्खा दिवस उभी राहिली.

"साहेब काय म्हणाले?" मी विचारलं.

"लय म्हणाले," काका शांतपणे म्हणाले. "पण हात आत नाय, हे ज्याचा हात त्यानंच सांगायचं असतं. दुसऱ्यानं कसं सांगायचं?"

माझा राग तिथेच उतरला. विक्षिप्त माणसाचा राग फार वेळ धरता येत नाही, तो अशी काहीतरी गोष्ट काढून बसतो.

तर हे काका आणि काकू रोज संध्याकाळी समुद्रावर फिरायला जात. ओहोटीच्या ओल्या वाळूतून शेजारच्या आक्षी गावाच्या दिशेने जायचं आणि परत यायचं. गिरणीच्या दिवसांत फक्त रविवारी, निवृत्तीनंतर रोज. बरोबर जात असं म्हणायचं, एवढंच. काका हात पाठीमागे बांधून दोन पावलं पुढे, काकू मागे, बोलणं जवळजवळ नाही. हातात हात वगैरे पाहुण्यांची कामं. एकदा काकू विहिरीपाशी काकांच्या तळपायातला काटा काढत बसल्या होत्या आणि मी अचानक समोर आले, तर दोघंही असे दचकून बाजूला झाले की मलाच लाज वाटली. काटा तसाच राहिला तो राहिलाच.

मग काकांचा उजवा गुडघा गेला. उभं राहिलं तर ठीक, पाऊल टाकलं की कळ. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. काकांनी त्यांना विचारलं, "मला बंद कोण करणार, परत चालू कोण करणार, आणि सही कोणाची?" डॉक्टर हसले, काका उठून आले. त्यानंतर ते सुरूच्या झाडांखालच्या सिमेंटच्या बाकावर बसायचे आणि काकू एकट्या चालायच्या. पण मागे कोणीतरी बसून वाट बघतंय म्हटल्यावर चालणं कसलं? काकू आधी आक्षीपर्यंत जायच्या, मग निम्म्यावरून वळायला लागल्या, मग बाकावरून दिसतील इतक्याच. दिवाळीनंतर त्यांनी जायचंच सोडलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "कंटाळा आला गो. पाहिलाय तो समुद्र."

काकांना कंटाळ्याचं खरं कारण माहीत होतं. एका संध्याकाळी आकडा लिहून झाल्यावर ते पेन हातातच धरून उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तिचं व्होल्टेज उतरतंय. माझ्या पायापायी." मला भरून आलं. दोनशे तीसचा आकडा मी ऐकलेला होता ना.

अशात ते चाक आलं. अडीचशेकडे उतरलेल्या एका पाहुण्याचं होतं. एकच चाक, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला दोन फळ्या, हँडल नाही, सीट नाही. आत मोटर आणि बॅटरी. त्याच्यावर उभं राहायचं, पुढे झुकलं की ते पुढे पळतं, मागे रेललं की थांबतं. पाहुण्याने ते हौसेने लाटांत घातलं, खारं पाणी आत गेलं, चाक मेलं, आणि "भंगारात टाका" म्हणून तो निघून गेला. काकांनी ते मागून आणलं. ज्याच्यावर नुसतं उभं राहून जाता येतं असं वाहन जगात आहे, हे कळल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर वेगळाच उजेड होता. त्यांनी ते उघडलं, विहिरीच्या गोड्या पाण्याने धुतलं, अंगणात सुपारी वाळत घातली होती तिच्या शेजारी त्याचे अवयव मांडले, गळ्यात पुठ्ठा घातला. पंधरा दिवसांनी ते बारीक घूं करून जागचं उभं राहिलं.

शिकले ते वाडीत. पोफळींच्या दोन रांगांमधलं अंतर असं की मध्ये उभं राहून हात पसरले की दोन्हीकडे खोड हाताला लागतं. काका चाकावर उभे राहायचे आणि या पोफळीवरून त्या पोफळीवर हात टाकत, एकेक खोड धरत-सोडत, पाटाच्या कडेने पुढे सरकायचे. त्यांच्या आजोबांनी ती बाग जणू याच कामासाठी आखून लावली होती. महिन्याभरात ते विहिरीपासून वाळूच्या कुंपणापर्यंत हळूहळू, न पडता जाऊन यायला लागले. गल्लीत बोभाटा झाला. अडीचशे कुंपणावरून ओरडायचा, "काका, सर्कशीत नाव घातलंय काय?"

आणि मग एका रविवारी त्यांनी ते वाळूत नेलं. कोणाला न सांगता, एकट्याने. ओल्या वाळूत वीस-पंचवीस हात गेले असतील, चाक टूं टूं बोंबललं आणि एकदम मेलं. काका तोंडावर आपटले. घोडागाडीवाल्याने त्यांना घरी आणलं तेव्हा ओठ फाटलेला, मनगट सुजलेलं, मिशीत वाळू.  काकूंनी हळद आणली, रिक्षा बोलावली, प्लास्टर घालून आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाकाच्या गळ्यात नवा पुठ्ठा होता. अक्षर काकूंचं. लावणाऱ्याची सही, खाली त्यांचं पूर्ण नाव. कारण, 'मला घोर लागतो.'

काकांनी तो पुठ्ठा वाचला. त्यांचाच नियम होता. काकूंनी काढल्याशिवाय आता ते चाक सुरू होणार नव्हतं, साहेब आला तरी. त्यांनी प्लास्टरातल्या हाताने तो पुठ्ठा नीट सरळ केला आणि आत गेले.

मला वाटलं, चला, सुटलो. पण काका सुटणाऱ्यातले नव्हते. चार दिवसांनी अंगणात चाक पुन्हा उघडलेलं. काकूंचा पुठ्ठा होताच, शेजारी त्यांचा स्वतःचा दुसरा. मी शाळेच्या वह्या तपासायच्या सोडून त्यांच्याशी भांडायला बसले. या वयात, या गुडघ्याने, वेगाची हौस कशाला, वगैरे सगळं बोलून घेतलं.

"वेग कोणाला पायजे?" काका म्हणाले. "तुमच्या नळाला पाणी येत नव्हतं तेव्हा मी काय केलं?"

"टाकी चार फूट उंच केलीत."

"पाणी वाढवलं? टाकी मोठी केली? नाय. उंच केली. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची. हे चाक सदुसष्ट व्होल्टचं. वाळूत रुतलं की मोटर जीव खाऊन ओढते. ओढली की बॅटरीचा दाब बसतो. आणि बाई, हे चाक तुम्हाला उभं धरतं ते पण त्याच दाबावर. ओढण्यातच सगळा गेला, तर धरायला काय उरलं? तेव्हा ते सोडतं." त्यांनी पेचकस उचलला. "मी चौऱ्याऐंशी करणार. जायला नाय, धरायला. जाणार मी तिच्याच चालीनं."

तेव्हा मला उमगलं की हे सगळं कशासाठी चाललंय, आणि मी वह्या पुन्हा पुढ्यात ओढल्या.

बॅटरी म्हणजे बोटाएवढ्या सेलची माळ असते. सोळा टप्प्यांची माळ होती ती वीसची करायची. काकांनी चार टप्पे मागवून जोडले. हे काम ते अंगणात करत, शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवून, आणि मला तीन हात लांब बसवून. डावा हात प्लास्टरात, म्हणून पट्ट्या चिमट्याने धरायचं काम काकूंकडे. काकू तोंड फिरवून धरायच्या, पण धरायच्या. माळ पुरी झाली त्या दुपारी काकांनी ती चाकाला जोडली मात्र, आतून टप् असा आवाज आला आणि धुराची एक बारीक रेघ वर गेली. काकू स्वयंपाकघराकडे धावल्या, त्यांना वाटलं सोडे करपले.

काका कपाळाला हात लावून बसले. "टाकी उंच केली नि नळ जुनेच ठेवले," ते म्हणाले. चाकाचा मेंदू म्हणजे आतली पाटी सदुसष्टच्याच हिशोबाची होती, तिच्यातला एक बारका भाग नव्या दाबाला फुटला होता.

काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अहो, माझा पुठ्ठा दिसला नाय तुम्हाला?"

"चालू नाय केलं गो. जोडलं फक्त."

"जोडलं म्हणजे चालू झालं की नाय? धूर काय मी काढला?"

तीस वर्षं नियम सांभाळलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी नियमात पकडलं होतं. काकांनी मान खाली घातली. "चुकलं," ते म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून चार वर्षांत तेवढाच ऐकला. काकूंनी पुठ्ठा पुसून पुन्हा नीट अडकवला.

चौऱ्याऐंशीची पाटी मुंबईच्या एका दुरुस्तीवाल्याने बाहेरून मागवून दिली, तिला दोन महिने लागले. तोवर प्लास्टर निघालं, परीक्षा झाल्या, कोकमं वाळत पडली. काकांनी नवी पाटी बसवली, चार्जर बदलला, आतल्या प्रत्येक फटीला मेण लावलं. मग सुपारी कातरत बसलेल्या काकूंसमोर जाऊन उभे राहिले. त्यांच्यापुढे काकांना इतकं अवघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"झालं. तुझा पुठ्ठा काढ."

"खात्री कोणी केली?"

"मी केली."

"पुठ्ठा माझा हाय," काकू म्हणाल्या. "खात्री मी करणार."

आणि त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, पदर खोचला आणि वाडीत गेल्या. पुठ्ठा सोडवून कमरेला खोचला, सही न करता. चाक सुरू करायला लावलं. दोन पोफळींना दोन हातांनी धरून त्या अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने आधी एक पाय ठेवला, मग दुसरा. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. ते एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, हात पसरून उभे. काकू चाकावर उभ्या राहिल्या, दोनदा पुढे झुकल्या, दोनदा मागे. तोंड गंभीर. परीक्षेला बसल्यासारख्या.

"धरतंय खरं," उतरून त्या म्हणाल्या. "आता वाळूत बघायचं. मगच सही."

शनिवार होता. किनारा पाहुण्यांनी फुललेला, घोडागाड्या, वडापावच्या गाड्या, आणि पाहुण्यांना बोटीत चढवायला आलेला अडीचशे. काकू सहा महिन्यांनी त्या वाळूत उतरल्या होत्या. काका बाकाचा आधार घेऊन चाकावर चढले आणि निघाले. ओल्या वाळूत चाक रुतलं, घुमलं, पण बोंबललं नाही. सरळ, ताठ, पाण्याच्या कडेने काका आक्षीकडे निघाले आणि लांब वळसा घेऊन परत आले. मला टाळ्या वाजवायच्या होत्या. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

मग काकू चालायला लागल्या, आणि काकांनी त्यांच्या शेजारून चालवायला घेतलं. दहा पावलं झाली नाहीत तोच चाक डुगडुगायला लागलं आणि काकांना आडवं होऊन पाय टेकावा लागला. दुखराच पाय. पुन्हा चढले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पाय टेकला तेव्हा कळ लपवता आली नाही. पळवलं तर चाक ठीक, पण काकूंच्या चालीला आणलं की हळू चालवलेल्या सायकलीसारखं कलतं. चौऱ्याऐंशी व्होल्ट त्यांना पुढे पडू देत नव्हते, मागे पडू देत नव्हते. आडवं पडण्याची सोय मात्र त्या चाकात मुळातच केलेली नव्हती. वाडीत इतके दिवस ती बाजू पोफळी सांभाळत होत्या, आणि त्यांचं नाव काकांच्या हिशोबात कुठेच नव्हतं.

काका चाक हाताने धरून वाळूत उभे राहिले. सगळं करून शेवटी आपण हिच्यापासून दूर पळू तेवढे शकतो, हे त्यांना कळलं होतं, आणि तो चेहरा मला बघवेना. "जा तू पुढं," ते काकूंना म्हणाले. "मी बसतो बाकावर."

काकू गेल्या नाहीत. त्या माघारी वळल्या, त्यांच्या उजव्या अंगाला येऊन उभ्या राहिल्या.

"वाडीत काय धरत होतात?"

"पोफळ."

"मग धरा की."

काकांना कळेना. काकूंनी खांद्यावरचा पदर सारखा केला आणि खांदा जरा पुढे केला.

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. अडीचशे बघत होता. घोडागाडीवाला बघत होता. निम्मं नागाव तिथे होतं, आणि उरलेल्या निम्म्याला अडीचशे सांगणारच होता. काकांनी हात शर्टाला पुसला. चाकावर चढले आणि तो हात काकूंच्या खांद्यावर ठेवला, अगदी हलका, तापलेल्या तव्याला लावून बघावा तसा. चाक डुगडुगलं. "नीट धरा हो," काकू म्हणाल्या. मग त्यांनी नीट धरला.

ते निघाले. काका पुढे नव्हते, काकू मागे नव्हत्या. एका रेषेत, काकूंच्या चालीने, पाण्याच्या कडेकडेने. वाळूत एका बाजूला पावलं उमटत होती आणि त्यांना लागून चाकाची एकच रेघ. मला वाटलं अडीचशे आता काहीतरी ओरडणार, पण तो डोक्यावरची टोपी काढून नुसता बघत राहिला. दोघं आक्षीच्या बाजूला दिसेनासे होईपर्यंत मी बाकावर बसले आणि खुशाल रडून घेतलं.

परत आल्यावर काकूंनी माझं पेन मागितलं, बाकावर पुठ्ठा ठेवून काढणाऱ्याच्या ओळीवर सही केली. काकांनी ती सही नीट वाचली आणि पुठ्ठा खिशात टाकला.

त्यानंतर वर्षभर मी त्यांना रोज तसं जाताना पाहिलं. पाहुणे फोटो काढत, काका त्यांना "आधार हाय तो" असं तांत्रिक आवाजात समजावून सांगत. पुढे माझं लग्न ठरलं, मी नोकरी सोडली. निघायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात गेले तर काकू दाराला पाठ करून बसलेल्या, पदर बाजूला, डाव्या खांद्याला मलम लावायची धडपड चाललेली. हात पोचत नव्हता. मी डबी घेतली आणि चोळायला लागले. खांदा चांगलाच आखडलेला होता.

"काकू, हे कशाने?"

"दुसरं कशानं गो. रोज दोन मैल भार टाकतात. वर्ष झालं."

"मग सांगा की त्यांना."

काकूंनी झटकन मागे वळून पडवीकडे पाहिलं. काका तिथे मीटर घेऊन साडेसात वाजायची वाट बघत उभे होते. काकूंनी माझा हात दाबला आणि आवाज अगदी खाली आणला.

"मुळीच सांगू नको. लगेच त्या चाकाला दांडा बसवतील."